चेक इंजिन लाइट आणि पेट्रोलच्या वाफेची गळती: पार्ट बदलायच्या आधी काय काय बघायचं

गाडी मस्त चालतीये, पिकअप ठीक, ॲव्हरेज ठीक, कसला आवाज नाही, आणि डॅशबोर्डवर मात्र तो पिवळा इंजिनचा दिवा ठाण मांडून बसलाय. स्कॅनर लावला की पी०४५५ नाहीतर पी०४४२ असला काहीतरी कोड येतो आणि पहिला भेटेल तो माणूस सांगतो, "अरे टाकीचं झाकण बदल, होऊन जाईल." कधीकधी खरंच होतं. माझं नाही झालं. मी एक सोडून दोन झाकणं बदलली, मग एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून कोळशाचा अख्खा डबा बदलला, तो काही स्वस्तात येत नाही, आणि आठवड्याभरात दिवा परत हजर. शेवटी निघालं काय, तर मागच्या चाकाजवळ एका रबरी पाइपच्या वळणावर केसाएवढी भेग. म्हणून हे लिहितोय, मी ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने नाही, जसं करायला हवं होतं तसं.

आधी दोन गोष्टी. दिवा स्थिर पेटलेला असेल तरच पुढे वाचा. लुकलुकत असेल तर तो मिसफायर असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसतं, त्यात सायलेन्सरच्या रस्त्यातला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो, गाडी हळूच बाजूला घ्या आणि ते आधी बघा. दुसरं, गाडीखाली ओलं पेट्रोल ठिबकत असेल किंवा आत बसल्यावर पेट्रोलचा दणदणीत वास येत असेल तर ती वाफेची गळती नाही, ती आगीची तयारी आहे, तिथे घरगुती प्रयोग करू नका. आणि हो, हे सगळं पेट्रोल गाड्यांचं आहे, डिझेलची अशी वाफ होत नाही त्यामुळे त्यात ही भानगडच नसते.

पेट्रोलची वाफ पकडणारी ही सिस्टिम (इव्हॅप) करते काय

पेट्रोल नुसतं ठेवलं तरी उडतं, टाकीत सतत वाफ तयार होत असते. फार पूर्वी ती सरळ हवेत सोडून द्यायचे. आता टाकी सगळीकडून बंद असते आणि वाफ पाइपातून एका प्लॅस्टिकच्या डब्यात जाते, त्याला कॅनिस्टर म्हणतात, आत ॲक्टिव्हेटेड कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. इंजिन गरम झालं की गाडीचा कॉम्प्युटर एक व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनच्या व्हॅक्युमने ती साठलेली वाफ ओढली जाते आणि जळून जाते. तिच्या जागी बाहेरची स्वच्छ हवा दुसऱ्या व्हॉल्व्हमधून डब्यात शिरते.

म्हणजे दोन व्हॉल्व्ह. पुढे इंजिनजवळ पर्ज व्हॉल्व्ह, तो एरवी बंद असतो. मागे डब्याजवळ व्हेंट व्हॉल्व्ह, तो एरवी उघडा असतो. करंट दिला की पर्ज उघडतो आणि व्हेंट बंद होतो. एवढं डोक्यात पक्कं बसवा, पुढचं अर्धं काम त्याच्यावर आहे.

आता कॉम्प्युटरला गळती कळते कशी, तर तो मधूनमधून परीक्षा घेतो. व्हेंट बंद करतो, पर्ज थोडा उघडून टाकीत हलका व्हॅक्युम करतो, मग पर्ज पण बंद करतो आणि टाकीवरच्या प्रेशर सेन्सरकडे बघत बसतो की व्हॅक्युम टिकतोय का सुटतोय. काही गाड्यांत व्हॅक्युमऐवजी छोटा पंप असतो, काही गाड्या पार्किंगमध्ये उभ्या असताना, इंजिन बंद झाल्यावर, टाकी गार होताना दाब कसा बदलतो त्यावरून ओळखतात. पकड किती बारीक आहे बघा, स्मॉल लीक म्हणजे साधारण १ मिमीचं भोक आणि व्हेरी स्मॉल लीक म्हणजे अर्ध्या मिमीचं. अख्ख्या टाकीत, सगळ्या पाइपांत मिळून अर्धा मिमी! म्हणून नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही, आणि म्हणूनच लोक कंटाळून पार्ट बदलत सुटतात.

ही परीक्षा रोज होत नाही हे पण लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये भरलेली लागते, गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली लागते, फार थंडी किंवा फार ऊन चालत नाही. आणि बहुतेक वेळा एकदा नापास झाल्यावर लगेच दिवा लागत नाही, दुसऱ्यांदा पण नापास झाली की लागतो. त्यामुळे "काल तर काही केलं नव्हतं, आज कसा लागला" याला काही अर्थ नसतो, बिघाड आठवडाभर आधीचा असू शकतो. उलट बाजूने, दिवा दोन दिवस लागला नाही म्हणून काम झालं असंही नाही, या एका गोष्टीने मला तीनदा फसवलंय.

पायरी १: कोड वाचा, लिहून घ्या, पुसू नका

अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-टू, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून ठरलेल्या कोडमध्ये सांगायची पद्धत, सक्तीचं झालं आणि हळूहळू ते जगभर पसरलं, त्यामुळे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्याने सुरुवात होते. कोड दिसला की हात शिवशिवतो क्लिअर दाबायला. थांबा. कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाची माहिती असते, कोड लागला तेव्हा टाकी किती भरलेली होती, इंजिन किती गरम होतं, स्पीड काय होता. ती पण पुसली जाते. आधी फोटो काढा.

कोडचं सांगायचं तर पी०४५५ म्हणजे मोठी गळती, झाकण उघडं राहिलंय किंवा पाइप निसटलाय या लेव्हलची. पी०४५७ म्हणजे कॉम्प्युटरला थेट झाकणाचाच संशय आहे. पी०४४२ छोटी, पी०४५६ अतिछोटी. पी०४४१ आणि पी०४९६ पर्जच्या प्रवाहाबद्दल बोलतात, त्यात पी०४९६ आला तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय असं समजूनच तपासायला घ्या. पी०४४३ पर्जची वायरिंग, पी०४४६ आणि पी०४४९ व्हेंटकडचं, पी०४५१ ते पी०४५३ टाकीचा प्रेशर सेन्सर. वायरिंगचा कोड असेल तर धूर-बिर काही करायचं नाही, मल्टिमीटर घ्यायचा आणि आधी कनेक्टर बघायचा, हिरवट गंज चढलेल्या पिना बघितल्यात मी.

एक लक्षात ठेवा, कोड हे पार्टचं नाव नाही. "पी०४४२ आला, काय बदलू" असं विचारणं म्हणजे "पोट दुखतंय, कुठला अवयव काढू" असं विचारण्यासारखं आहे.

पायरी २: झाकण, पण नीट

झाकण बघायचं म्हणजे फक्त घट्ट करायचं नाही. काढा, खालचं रबर बोटाने फिरवून बघा, कडक झालंय का, चिरलंय का, एका बाजूला चपटं झालंय का. मग टाकीच्या तोंडाची धातूची कड बघा जिथे ते रबर बसतं, कारण बऱ्याचदा झाकण चांगलं असतं आणि कडेवर गंजाचे पापुद्रे असतात, नवीन झाकण लावलं तरी त्याच खडबडीत कडेवर बसणार. माती, वाळू असेल तर स्वच्छ कपड्याने पुसा. लावताना टकटक आवाज येईपर्यंत फिरवा. नवीन घेणारच असाल तर त्याच गाडीचं, त्याच मॉडेलचं घ्या, "सगळ्याला बसतं" वाली झाकणं थ्रेडला बसतात, सीलला बसतीलच असं नाही. ज्या गाड्यांना झाकणच नसतं, नुसती आत ढकलली जाणारी पत्ती असते, त्यात पत्तीच्या सीलमध्ये कचरा अडकतो, तिथे टॉर्च मारा.

झाकण घट्ट केल्यावर दिवा लगेच विझत नाही. परीक्षा परत होऊन गाडी पास व्हावी लागते, काही दिवस जातात. लोक इथेच घाई करतात, संध्याकाळी झाकण लावतात, सकाळी दिवा दिसतो, पुढचा पार्ट घ्यायला निघतात.

पायरी ३: पर्ज व्हॉल्व्ह, एका बोटाची टेस्ट

माझ्या मते ही या सगळ्यातली सगळ्यात उपयोगी टेस्ट आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात. बॉनेट उघडा, इंटेक मॅनिफोल्डजवळ (इंजिनात हवा नेणारा पाइपांचा भाग) एक छोटा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह शोधा, दोन पाइप आणि एक वायरचं कनेक्टर असलेला. एक पाइप मॅनिफोल्डकडे जातो, दुसरा लांब मागे कॅनिस्टरकडे. इंजिन बंद असताना कॅनिस्टरकडचा पाइप व्हॉल्व्हपासून काढा, वायरचं कनेक्टर पण काढा. आता इंजिन चालू करून आयडलला सोडा आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. करंटच नाही म्हणजे व्हॉल्व्ह बंद असायला हवा, बोटाला काही जाणवता कामा नये. बोट ओढलं जातंय, चिकटतंय, सूं आवाज येतोय, तर व्हॉल्व्ह आतून उघडा राहतोय, सापडला तुमचा चोर. कनेक्टर का काढायचं, तर इंजिन गरम असेल तर कॉम्प्युटर स्वतःच व्हॉल्व्ह उघडतो आणि मग चांगला व्हॉल्व्ह पण ओढतो, नवशिके तिथे फसतात. कनेक्टर काढल्यामुळे वायरिंगचा एक नवीन कोड येऊ शकतो, घाबरू नका, तो तुम्हीच लावलाय. फॅन आणि बेल्टपासून बाह्या, केस, वायर लांब ठेवा एवढं सांभाळा.

उलटं पण बघायचं. व्हॉल्व्हला १२ व्होल्ट दिले की टक आवाज येऊन तो उघडला पाहिजे. मल्टिमीटरवर कॉइलचा रेझिस्टन्स बऱ्याच गाड्यांत २० ते ३० ओमच्या आसपास येतो, नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. टर्बो गाड्यांत पर्जचे दोन रस्ते असतात आणि मध्ये चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारे) असतात, तिथे पाइपचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पर्ज उघडा राहत असेल तर एक ओळखीचं लक्षण असतं, पेट्रोल भरून लगेच गाडी सुरू करायला गेलं की ती कुरकुरते, दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो, मग धडधडत चालू होते आणि मिनिटभरात ठीक होते. भरताना टाकीतली वाफ ढकलली जाते आणि ती उघड्या व्हॉल्व्हमधून थेट इंजिनात शिरते म्हणून. असं होत असेल तर झाकणाच्या नादी न लागता सरळ इथे या.

व्हॉल्व्ह काढल्यावर त्याच्यातून काळे बारीक दाणे पडले तर मात्र थांबा. तो कॅनिस्टरमधला कोळसा आहे, डबा आतून फुटलाय. नुसता व्हॉल्व्ह बदललात तर नव्यात पण तेच दाणे अडकणार, डबा बदलून मधला सगळा पाइप साफ करावा लागतो.

पायरी ४: व्हेंट व्हॉल्व्ह आणि डबा

हे गाडीच्या मागच्या बाजूला, टाकीजवळ, जिथे चाकाचा चिखल उडतो नेमकं तिथे असतात. गाडीखाली जायचं असेल तर स्टँड लावूनच, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच नाही. व्हेंट काढून हातपंपाने हलकी हवा मारा, करंट नसताना आरपार गेली पाहिजे, १२ व्होल्ट दिल्यावर अडली पाहिजे. तोंडाने फुंकू नका, आत पेट्रोलची वाफ असते. धूळ बसून व्हेंट नीट बंद होत नसेल तर गळतीचा कोड येतो. उलट तो चोंदला असेल तर वेगळीच तक्रार असते, पेट्रोल भरताना नोझल सारखं टक टक बंद पडतं कारण टाकीतली हवा बाहेर जायला वाट नसते.

चोंदायला चिखलच लागतो असं नाही. २०११ मध्ये माझदा कंपनीने माझदा-६ च्या हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण एका जातीच्या पिवळ्या कोळ्याला या व्हेंटच्या नळीत जाळं करायला आवडायचं, आणि वाट बंद झाल्यावर टाकीत व्हॅक्युम साठून टाकीला तडे जाण्याची भीती होती. त्यामुळे नळीत जाळं दिसलं तर हसू नका, तेच कारण असू शकतं.

आणि नोझल बंद पडल्यावर वरून अजून थोडं, अजून थोडं करत टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय असेल तर सोडून द्या. डबा वाफेसाठी आहे, ओलं पेट्रोल त्यात शिरलं की कोळसा वाया जातो.

पायरी ५: डोळे, टॉर्च, बोटं

रबरी पाइप सरळ भागात क्वचित फुटतो. वळणावर, क्लॅम्पखाली, प्लॅस्टिकच्या तोंडावर जिथे तो चढवलाय तिथे आणि जिथे कशालातरी घासतो तिथे फुटतो. प्रत्येक वळण बोटांनी हलकं वाकवून बघा, भेग सरळ असताना मिटलेली असते, वाकवल्यावर तोंड उघडते. जुने प्लॅस्टिकचे जॉइंट मात्र जोर लावला तर तिथल्या तिथे मोडतात, एकाच्या दोन गळत्या कराल. नुकताच फ्युएल पंप बदलला असेल तर टाकीवरची मोठी रिंग आणि तिचं रबर संशयित नंबर एक.

पायरी ६: धूर

एवढं करून सापडलं नाही तर स्मोक टेस्ट, आणि खरं सांगायचं तर पी०४५६ असेल तर पायरी ५ मध्ये फार वेळ न घालवता इथेच यावं. मशीन मिनरल ऑइलचा थंड धूर अगदी कमी दाबाने सिस्टिममध्ये सोडतं, १ पीएसआयच्या पण खाली. टायर ३० पीएसआयच्या वर असतो यावरून अंदाज घ्या. म्हणून टायरचा कंप्रेसर लावणं म्हणजे टाकी, सेन्सर, सील सगळ्याची वाट लावणं. आणि एखाद्या रिकाम्या डब्यात हीटर, कॉइल वगैरे घालून घरी बनवलेलं धुराचं मशीन पेट्रोलच्या टाकीला लावायचे व्हिडिओ बघून मोह होतो, तो आवरा. तापलेली तार आणि पेट्रोलची वाफ एका पाइपाने जोडायची नसते. चांगल्या ठिकाणी धुरासोबत हवा न वापरता नायट्रोजन वापरतात. मशीन नसेल तर ही एक टेस्ट पैसे देऊन करून घ्या, तीन चुकीच्या पार्टपेक्षा स्वस्तच पडते.

करून घेताना दोन गोष्टी स्वतः बघा. एक, व्हेंट बंद केलाय का. तो एरवी उघडा असतो, बंद न करता धूर सोडला तर व्हेंटमधून भसाभस धूर येणारच आणि कोणीतरी "हा बघा लीक" म्हणून चांगला व्हॉल्व्ह बदलायला लावणार. दोन, आधी झाकण उघडं ठेवून तिथून धूर बाहेर येईपर्यंत थांबायचं, म्हणजे टाकीपर्यंत धूर पोचला हे नक्की, मग झाकण लावून गळती शोधायची. टाकी रिकामी असेल तर धूर भरायला जास्त वेळ लागतो, पाच-दहा मिनिटांत काही दिसलं नाही म्हणून गुंडाळू नका.

माझ्या वेळेला पहिली दहा मिनिटं काहीच नाही. दिवे बंद केले, टॉर्च आडवा धरला, आणि मग कॅनिस्टरच्या वरच्या कोपऱ्यात शिवायच्या दोऱ्याएवढी एक राखाडी रेघ दिसली, सरळ वर जाऊन टाकीच्या पत्र्याला लागून पसरत होती. हाताने वारा घातला की नाहीशी, थांबलं की परत. कोपराच्या आकाराच्या त्या पाइपच्या आतल्या बाजूला भेग होती, खालून बघून जन्मात दिसली नसती. डबा बदलताना तोच पाइप काढून परत तसाच चढवलेला होता, म्हणजे मी चांगला डबा फेकून फाटका पाइप जपला होता.

पाइप बदलताना पेट्रोलच्या वाफेसाठी असतो तोच घ्या. पाण्याचा किंवा साधा व्हॅक्युमचा पाइप वाफेने फुगतो, मऊ पडतो. टेप आणि चिकटपट्टी हा उपाय नाही.

दुरुस्तीनंतर

कोड पुसला की त्याबरोबर सगळ्या परीक्षांचे निकाल पण पुसले जातात, स्कॅनरवर इव्हॅप मॉनिटरसमोर इनकम्प्लीट येतं. प्रदूषण तपासणीत ओबीडी वाचत असतील तर अशी गाडी परत पाठवू शकतात, त्यामुळे तपासणीच्या आदल्या रात्री पुसायचा चलाखपणा चालत नाही. बॅटरी काढणं म्हणजे पण तेच. न पुसता सोडलं तरी चालतं, साधारण लागोपाठ तीन फेऱ्यांत परीक्षा पास झाली की दिवा आपोआप विझतो, मेमरीतला कोड इंजिन चाळीसेक वेळा गार होऊन गरम झाल्यावर जातो.

परीक्षा लवकर व्हावी म्हणून टाकी अर्धी ठेवा, गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी सुरू करून थोडा वेळ आयडलला, मग शहरातलं आणि मोकळ्या रस्त्यावरचं असं मिळून चालवा. पी०४५५ जाऊन पी०४४२ आला तर वैतागू नका, मोठं भोक बुजलं म्हणून छोटं दिसायला लागलं, एका जुन्या गाडीत दोन गळत्या असणं अगदी नॉर्मल आहे.

दिवा लागलेला असताना गाडी चालवायला नुसत्या वाफेच्या गळतीने इंजिनला काही होत नाही. अडचण एवढीच की दिवा आधीच पेटलेला असल्यावर नवीन काही बिघडलं तर कळणार कसं, म्हणून आठवड्यातून एकदा स्कॅनर लावून कोड तोच आहे ना बघत जा.

माझ्या गाडीत पाइप बदलल्यावर पाचव्या दिवशी सकाळी इव्हॅपसमोर कम्प्लीट आलं. आधी घेतलेली दोन्ही झाकणं अजून डिकीत पडून आहेत, दोन्ही चांगली आहेत.